मँटल आणि ट्रिमला स्टेन: सणांच्या आधी करायचं तर दिवस उलटे मोजा

आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर सागवानी दाराला पॉलिश होतं तेव्हा पॉलिशवाला रंग आणि चकाकी एकाच कामात उरकतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मिनिटांत वाळते आणि दार संध्याकाळी लावता येतं. अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतल्यावर फायरप्लेसवरचं मँटल (वरची लाकडी फळी आणि तिचे पाय) आणि दारं-खिडक्यांभोवतीची ट्रिम, म्हणजे लाकडी पट्ट्या, गडद करायला निघालेला माणूस हाच अंदाज मनात धरतो, आणि पाहुणे दारात उभे असताना त्याचं मँटल चिकट राहतं. इथे दुकानात मिळणारा स्टेन म्हणजे नुसता रंग. त्यावर पॉलियुरेथेनसारखा पारदर्शक संरक्षक थर वेगळा द्यावा लागतो. रंग लावायला दोन शनिवार-रविवार पुरतात, पण ते सगळं कडक व्हायला महिना जातो. म्हणून डबा विकत घेण्याआधी कॅलेंडर काढा.

दिवसांचं गणित

तेलाधारित पॉलियुरेथेनचा शेवटचा हात एका दिवसात बोटाला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला त्याला साधारण ३० दिवस लागतात. पाण्याधारित पॉलियुरेथेनला दोन ते तीन आठवडे पुरतात. नाताळ २५ डिसेंबरला, म्हणजे तेलाधारित थराचा शेवटचा हात २५ नोव्हेंबरच्या आत मारलेला हवा. त्याच्या आधी नमुना पाहायला दोन-तीन दिवस, घासायला एक-दोन दिवस, स्टेनला एक ते तीन दिवस आणि वरच्या तीन हातांना तीन दिवस. नोकरी सांभाळून करणाऱ्याने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर घाई होत नाही. अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं. तोवर सगळं हवं असेल तर काम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच काढावं लागेल. कॅनडात तो सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचा नाद सोडून नाताळच धरावा.

डिसेंबरची दहा तारीख उलटली असेल तर सरळ जानेवारीत करा. अर्धवट वाळलेल्या मँटलपेक्षा जुनं मँटल केव्हाही बरं दिसतं.

हे लाकूड आहे का, आणि कोणतं

स्टेन लाकडात मुरतो. जिथे मुरायला जागा नाही तिथे तो नुसता पसरून राहतो. गेल्या काही दशकांतल्या बऱ्याच घरांत पांढरी ट्रिम एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डची, असते, नाहीतर छोटे तुकडे जोडून केलेल्या, कारखान्यातूनच प्रायमर लावून आलेल्या पाइनची. अशा ट्रिमला स्टेन करायचा विचार सोडा, ती रंगवण्यासाठीच असते. एखादी पट्टी मागून पाहा. एमडीएफ पुठ्ठ्यासारखा एकसारखा तपकिरी दिसतो, त्याला रेषा नसतात.

मँटलच्या बाबतीत फळीचं कापलेलं टोक बघा. वरच्या रेषा टोकावरूनही तशाच पुढे जात असतील तर भरीव लाकूड आहे. टोकाला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल, किंवा कडेला कागदासारखा पातळ पदर दिसत असेल, तर व्हेनिअर आहे. व्हेनिअर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. त्यावर मशीन फिरवलं की क्षणात खालचं प्लायवूड उघडं पडतं, आणि ते पुन्हा झाकता येत नाही.

लाकूड ओळखणं रंगासाठी महत्त्वाचं. रेड ओकची छिद्रं उघडी असतात, त्याच्यावर तेलाधारित स्टेन छान बसतो आणि नवशिक्याला तेच सगळ्यात सोपं जातं. पाइन, पॉप्लर आणि मेपल डाग धरतात, म्हणजे एका जागी भरपूर रंग पितात आणि शेजारी काहीच नाही. पाइनमध्ये आणखी एक उलटापालट होते. त्याच्या मऊ, फिकट पट्ट्या जास्त रंग शोषतात आणि मुळातल्या गडद, कडक पट्ट्या फिकट राहतात. त्यामुळे स्टेननंतर लाकूड छायाचित्राच्या निगेटिव्हसारखं दिसतं.

जुनं फिनिश कोणतं ते शोधा

कापसाचा बोळा डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये बुडवून मँटलच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ठेवा. थर मऊ होऊन कापसाला तपकिरी लागला तर ते शेलॅक आहे, म्हणजे आपलीच लाख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घरांत ते सर्रास सापडतं. अल्कोहोलने काही झालं नाही आणि लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काहीच हाललं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा वॉर्निश. शेलॅक अल्कोहोलने पुसून काढता येतं. बाकीच्यांना खरवडणं नाहीतर स्ट्रिपर, म्हणजे जुना थर मऊ करून उतरवणारा द्रव, लागतो.

घर १९७८ च्या आधी बांधलेलं असेल तर इथेच थांबा. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली, आणि त्याआधीच्या रंगात, कधीकधी वॉर्निशमध्येही, शिसं असू शकतं. कोरडं घासून उडालेली भुकटी रांगत्या मुलांच्या हातातोंडात जाते. आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर हे काम प्रमाणित कंत्राटदाराचं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) तसा नियम २०१० पासून लागू आहे. घरमालकाला स्वतःच्या घरात मुभा असली तरी मुलं असलेल्या घरात ती वापरू नका.

स्ट्रिपर घेताना मेथिलीन क्लोराइडवाले जुने डबे कोणी देऊ केले तर घेऊ नका. ग्राहकांना ते विकण्यावर अमेरिकेत २०१९ साली बंदी आली, कारण बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत.

आगीपासून किती लांब

नवीन मँटल बसवत असाल किंवा जुन्याला कंगोरे जोडत असाल तर हे माप आधी घ्या. विटांच्या बांधीव फायरप्लेससाठी अमेरिकी निवासी संहितेचा साधारण नियम असा: आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारं काहीही नको. १२ इंचांच्या आत जे असेल, ते भिंतीपासून जितकं पुढे येतं ते माप अंतराच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हणजे तोंडापासून १० इंचांवर लाकडाची पट्टी असेल तर ती सव्वा इंचाहून पुढे येता कामा नये. गॅसच्या किंवा कारखान्यात बनलेल्या फायरप्लेसला हा नियम पुरत नाही, तिथे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं अंतर अंतिम. काही शहरांचे नियम याहून कडक असतात.

स्टेन आणि पॉलियुरेथेनचा थर इतका पातळ असतो की त्याने या मापात फरक पडत नाही. पण उष्णतेने थरावर मात्र परिणाम होतो. काम काढण्याआधी एकदा तासभर आग पेटवा आणि मँटलच्या खालच्या बाजूला तळहात टेकवा. चार-पाच सेकंदही टिकवता येत नसेल तर तिथे मेणाचं फिनिश लावू नका. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, त्याच्या बऱ्याच आधी ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

तेल, पाणी की जेल

तेलाधारित स्टेन सावकाश वाळतो, त्यामुळे पुसायला वेळ मिळतो. लांब बेसबोर्डसाठी, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीसाठी, हाच घ्या. पाण्याधारित स्टेनला वास कमी, पण हिवाळ्यात घरात हीटर चालू असताना हवा इतकी कोरडी असते की पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं आणि मध्ये जोडाची गडद रेघ उमटते. जेल स्टेन दाट, तो मुरण्यापेक्षा वर बसतो. डाग धरणाऱ्या पाइनला, उभ्या पृष्ठभागांना आणि जुन्या फिनिशवरून रंग गडद करायला तो उत्तम, पण वाळायला २४ तासांहून जास्त घेतो, थंड खोलीत दोन-तीन दिवससुद्धा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत रसायनांच्या वाफेचे नियम कडक असल्याने काही तेलाधारित डबे मिळत नाहीत.

रेड ओकमध्ये मुळात गुलाबी छटा असते. लालसर स्टेन घेतला तर ती आणखी उठते. मिनवॅक्स कंपनीचं ‘स्पेशल वॉलनट’ किंवा ‘प्रोव्हिन्शियल’ यांसारखे तपकिरी रंग तिला दाबतात. ‘एबनी’सारखा काळा रंग पहिल्याच कामाला घेऊ नका. काळ्यात प्रत्येक ओरखडा आणि गोंदाचा प्रत्येक ठिपका दिसतो.

किती आणायचं

एक क्वार्टचा डबा म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटर. त्यात एका हाताला १२५ ते १५० चौरस फूट होतात. १२ बाय १५ फुटांच्या खोलीचा परीघ ५४ फूट, दारं वजा करून ५० धरा. बेसबोर्ड ४ इंच उंच असेल तर १७ चौरस फूट. दाराच्या एका बाजूची केसिंग (चौकटीभोवतीची पट्टी) दोन उभ्या आणि एक आडवी मिळून १७ फूट लांब, अडीच इंच रुंद, म्हणजे साडेतीन चौरस फूट. दोन दारांचे ७. तीन खिडक्यांचे प्रत्येकी ३ धरून ९. पाय आणि कंगोऱ्यांसकट सहा फुटी मँटल २५ च्या आसपास. एकूण ५८. स्टेनचे दोन हात एका क्वार्टमध्ये जेमतेम बसतात. पॉलियुरेथेनच्या तीन हातांना १७४ चौरस फूट होतात, म्हणून त्याचे दोन क्वार्ट घ्या. स्टेनचे दोन डबे लागणार असतील तर दोन्ही आधी एका भांड्यात एकत्र करा. एकाच नावाच्या दोन डब्यांत छटेचा फरक निघतो.

बाकी सामान: १२०, १५०, १८०, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, कंगोऱ्यांसाठी घासायचे स्पंज, मिनरल स्पिरिट (तेलाचा रंग पातळ करायचा द्रव), फोमचे ब्रश, निळी मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे आणि जुने सुती बनियन. बनियन धुतलेले, धागे न सुटणारे हवेत. तेलाधारित थरासाठी नैसर्गिक केसांचा ब्रश लागतो, पाण्याधारितसाठी कृत्रिम. नैसर्गिक केस पाण्यात फुगून लुळे पडतात. झाकण असलेला धातूचा डबाही आणा, तो कशासाठी ते पुढे येईलच.

साफ करणं आणि घासणं

फायरप्लेसजवळच्या लाकडावर काजळीचा अदृश्य थर असतो. त्यावरून पॉलिश पेपर फिरवला की काजळी लाकडात घुसते. आधी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग मिनरल स्पिरिटने पुसा. आधीच्या मालकाने सिलिकॉनयुक्त फर्निचर स्प्रे मारलेला असेल तर नवीन थर माशाच्या डोळ्यांसारख्या गोल खळग्यांत फाटतो. अशा वेळी मिनरल स्पिरिटने दोन-तीनदा, दर वेळी नव्या फडक्याने पुसावं.

मग घासणं. उघड्या लाकडाला १२०, १५०, १८० या क्रमाने. मधला नंबर गाळू नका, १२० चे ओरखडे १८० ने निघत नाहीत आणि स्टेन लागल्यावर ते रेघांसारखे उठून दिसतात. नेहमी रेषांच्या दिशेने घासा. गोल फिरणाऱ्या मशीनने बारीक वेटोळी पडतात, म्हणून शेवटचा नंबर हाताने. सपाट भागाला २२० पर्यंत जाऊ नका. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की रंग धरतच नाही. फळीच्या कापलेल्या टोकाला मात्र मुद्दाम २२० मारा, कारण ते टोक रंग ढसाढसा पितं आणि काळं पडतं. कंगोऱ्यांच्या खाचांत पेपर घडी करून बोटाने घासा. गोल खाचेला पेन्सिलीला गुंडाळलेला पेपर चालतो.

भुकटी व्हॅक्यूमने ओढा आणि आता संपूर्ण लाकूड मिनरल स्पिरिटने ओलं करा. सगळ्या कामात ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची. ओल्या लाकडावर राहिलेले ओरखडे आणि गोंदाचे फिकट ठिपके लगेच दिसतात. आत्ता दिसले तर घासून काढता येतात, स्टेननंतर दिसले तर सगळं पहिल्यापासून. खिळ्यांची भोकं या टप्प्यावर लांबीने भरू नका. डब्यावर ‘स्टेन घेतो’ लिहिलेली लांबीसुद्धा लाकडासारखा रंग घेत नाही. भोकं पहिल्या पॉलियुरेथेननंतर, रंग जुळणाऱ्या मऊ पुट्टीने भरायची.

नमुना

त्याच लाकडाच्या तुकड्यावर, तसंच घासून, तोच कंडिशनर (पाइनला डाग पडू नयेत म्हणून स्टेनआधी लावायचा द्रव), तोच स्टेन आणि वर तोच थर द्या. यातली एक पायरी गाळली तर नमुना खोटं बोलतो. नुसता वाळलेला स्टेन फिका आणि मातकट दिसतो, वर थर चढला की तो खोल होतो. तुकडा मँटलच्या जागी उभा ठेवून दिवसा बघा आणि रात्री घरातल्या दिव्यातही बघा. पिवळ्या दिव्यात तपकिरी रंग बराच लाल होतो. मनात शंका असेल तर फिकट छटा निवडा. दुसऱ्या हाताने गडद करता येतं, फिकं करायला सगळं खरवडावं लागतं.

स्टेन लावणं

गॅस फायरप्लेस असेल तर त्याची पायलट ज्योत आधी बंद करा, खोलीतल्या मेणबत्त्या आणि देवघरातली समई विझवा. मिनरल स्पिरिटची वाफ जमिनीलगत पसरते आणि ज्योतीपर्यंत जाते. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. चिमणीचा डँपर (आतली झडप) बंद करून फायरप्लेसच्या तोंडावर प्लॅस्टिक चिकटवा, नाहीतर थंड हवेबरोबर राख खाली येऊन ओल्या लाकडावर बसते. खोली ६५ ते ७५ अंश फॅरेनहाइट असावी. ५० अंशांच्या खाली, म्हणजे थंड गराजमध्ये, तेलाधारित स्टेन दिवसेंदिवस ओला राहतो.

भिंतीच्या कडेला टेप लावल्यावर तिची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट दाबा. खरबरीत भिंतीवर तरीही स्टेन थोडा झिरपतो, म्हणून ब्रश कडेजवळ जवळजवळ कोरडा ठेवा. भिंतीला लागलाच तर डाग अडवणारा प्रायमर आधी, मग रंग. प्रायमरशिवाय तेलाचा डाग कितीही हातांतून वर येतो.

पाइन असेल तर स्टेनच्या आधी कंडिशनर. भरपूर लावा, पाच ते पंधरा मिनिटांनी पुसा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत, बहुधा दोन तासांच्या आत, स्टेन सुरू करा. तेलाच्या स्टेनखाली तेलाचाच कंडिशनर, पाण्याच्या खाली पाण्याचा. याहून भरवशाचा उपाय म्हणजे मेण काढलेलं शेलॅक. झिन्सर कंपनीचं ‘सीलकोट’ आणि डिनेचर्ड अल्कोहोल समसमान मिसळून एक पातळ हात मारा, तासाभराने ३२० ने हलकं घासा, मग स्टेन लावा. रंग थोडा फिका येतो, पण डाग जवळजवळ जातात.

डबा हलवू नका, तळापासून ढवळा, कारण रंगद्रव्य खाली बसलेलं असतं. काम चालू असतानाही मधूनमधून ढवळत राहा. मँटलच्या खालच्या बाजूने सुरू करा, मग पाय, समोरची पट्टी आणि सगळ्यात शेवटी वरची फळी. एका वेळी एकच फळी घ्या आणि सांध्यापाशी थांबा. फळीच्या मध्यावर थांबलात तर तिथे जोड दिसणारच. फोमच्या ब्रशने किंवा चिंधीने भरपूर लावा, पाच ते पंधरा मिनिटं थांबा, मग सगळं जास्तीचं पुसा. शेवटचं पुसणं रेषांच्या दिशेने. खाचांत साचलेलं कोरड्या ब्रशने ओढून घ्या.

हे ‘सगळं’ शब्दशः घ्यायचं. गडद हवं म्हणून स्टेन वर तसाच ठेवला तर तो लाकडात न मुरता वर जाड बसतो, आठवडाभर चिकट राहतो, आणि त्यावरचा थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. तसं झालंच तर मिनरल स्पिरिटने किंवा त्याच स्टेनच्या ताज्या हाताने तो भिजवा आणि लगेच पुसून घ्या. थांबण्याची वेळ प्रत्येक फळीला सारखी ठेवा, फोनमध्ये टायमर लावलेला बरा.

रेड ओकमध्ये पुसून झाल्यावरही तास-दोन तास छिद्रांतून स्टेन परत वर येतो आणि बारीक चमकदार ठिपके वाळतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी फेरी मारून पुन्हा पुसा. नवशिके पुसून जेवायला जातात, आणि परत येतात तेव्हा मँटलला देवी आलेली असते.

नवीन ट्रिम अजून ठोकलेली नसेल तर सगळं सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवून आधीच करून घ्या. मागची बाजूही थराने बंद करा. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडते, लाकूड रुंदीत आकसतं आणि सांध्यांत आतला न रंगवलेला पांढरा पट्टा डोकावतो. आधीच कडेपर्यंत रंगवलेल्या पट्टीत तो दिसत नाही. कापल्यावर कोपऱ्याच्या ४५ अंशांच्या टोकाला स्टेन लावायचं विसरू नका.

चिंध्या

तेलाधारित स्टेनने भिजलेलं फडकं वाळताना उष्णता सोडतं. चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता बाहेर जात नाही आणि फडकं आपोआप पेट घेतं, काडी लावावी लागत नाही. फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग २२ व्या मजल्यावर लाकूडकामाला फिनिश करणाऱ्यांनी ठेवलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांतून सुरू झाली. त्यात तीन अग्निशामक मृत्युमुखी पडले. फडकी घराबाहेर, काँक्रीटवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा त्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत तर नाहीच.

वरचा थर

तेलाच्या स्टेनवर तेलाचं पॉलियुरेथेन दुसऱ्या दिवशी चालतं. पाण्याधारित देणार असाल तर किमान २४ तास, थंडीत ७२ तास थांबा, नाहीतर ते सोलून निघतं. तेलाचं फिनिश सोनेरी झाक देतं, पाण्याचं पारदर्शक राहतं. पहिल्यांदा करणाऱ्याने फडक्याने लावायचं पातळ पॉलियुरेथेन घ्यावं. तीनऐवजी चार हात लागतील, पण कंगोऱ्यांवर ओघळ येत नाहीत.

हा डबाही हलवायचा नाही, ढवळायचा. सॅटिनमधली (कमी चकाकीच्या प्रकारातली) चमक कमी करणारी पावडर तळाशी बसते. न ढवळता वापरलं तर पहिली फळी चकचकीत आणि शेवटची धुरकट. हात मारताना घर गरम करणाऱ्या फर्नेसचा पंखा अर्धा-एक तास बंद ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही.

पहिल्या हाताच्या आधी स्टेनवर पॉलिश पेपर लावू नका, कडांचा रंग उडतो. पहिला हात वाळल्यावर ३२० ने अगदी हलकं घासा. पांढरी कोरडी भुकटी निघाली तर पुढे जा. पेपरवर गोळ्या धरल्या तर अजून ओलं आहे, एक दिवस थांबा. भुकटी पुसा, खिळ्यांची भोकं भरा, दुसरा हात, पुन्हा हलकं घासणं, तिसरा हात. खालच्या कडेला थेंब लोंबत नाहीत ना, हे दहा मिनिटांनी टॉर्च आडवा धरून पाहा. तेव्हा तो ब्रशच्या टोकाने उचलता येतो, वाळल्यावर ब्लेडने कापावा लागतो.

जुन्या पिवळ्या ओकवरून गडद

अमेरिकेतल्या असंख्य घरांत मधाच्या रंगाचा ओक आहे आणि तो खरवडण्याइतका वेळ सणाआधी कोणालाच नसतो. जुना थर कुठे सोलत नसेल तर तो राहू द्या. साफ करा, २२० ने चमक जाईपर्यंत घासा, भुकटी पुसा. जेल स्टेन पातळ लावा आणि इथे पूर्ण पुसू नका, सारखा पातळ थर राहील इतपतच रेषांच्या दिशेने ओढा. एक-दोन दिवसांनी दुसरा हात. त्यावर पॉलियुरेथेन द्यायलाच हवं, कारण हा रंग लाकडात नसून वर बसलेला आहे आणि नखाने निघतो. उलट, गडद मँटल फिकट करायचं असेल तर स्ट्रिपर आणि पूर्ण घासणं अटळ आहे, ते उन्हाळ्यासाठी ठेवा.

सजावट आणि पहिली आग

महिनाभर रबरी किंवा व्हिनाइल पायांची कोणतीही वस्तू मँटलवर ठेवू नका. त्यातला मऊपणा आणणारा द्रव थरात उतरतो आणि कायमचा ठसा पडतो. फेल्टचे तुकडे चालतात, तेही दोन आठवड्यांनंतर. मोजे टांगायचे जड धातूचे आकडे कोवळ्या थरात रुततात. माळा टेपने चिकटवल्या तर काढताना थर सोबत येतो. दिवाळीतल्या पणत्या नव्या मँटलवर नकोतच. ठेवायच्या झाल्या तर पितळी ताटात, खाली फेल्ट लावून, आणि हळद-कुंकू सांडलं तर त्याच क्षणी कोरड्या फडक्याने उचला. ओल्या फडक्याने हळद पसरते आणि पाण्याधारित थराला पिवळं करते.

पहिली आग छोटी लावा, अर्ध्या तासाची, खिडकी थोडी उघडी ठेवून. मँटलजवळ रसायनाचा वास आला तर थर अजून कडक होतोय, आणखी आठवडा थांबा. उरलेला स्टेन काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहून साय धरत नाही. बरणीवर रंगाचं नाव, तारीख आणि किती मिनिटांनी पुसला होता ते लिहा. व्हॅक्यूम क्लीनर बेसबोर्डला आपटला की याच बरणीची गरज लागते.